गाडी विचारली म्हणून

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चर्चच्या पाळकाने रागीट असू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! त्यांनी एक रविवार आमच्या मंडळीसमोर उभं राहून दाखवावं. पुढच्या बाकावर पोरं चिमटे काढतायत, वर पत्र्यावर माकडं धावतायत आणि ऐन प्रार्थनेत कुणाचा तरी मोबाइल लग्नाचं गाणं म्हणतोय. पण एक आहे, मला फार म्हणजे फारच राग येतो तेव्हा चूक बहुतेक माझीच असते. माझ्या बायकोने, मंगलाने, हे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हेरलं होतं. त्या दिवशी स्वप्नालीवर ओरडलो तेव्हाही तसंच होतं.

स्वप्नाली वसावे तळोद्याकडची. लोणखेड्याला कॉलेज केलं, आणि आता आमच्या भिली भाषेत बायबलचा नवा करार आणायचं जे काम चाललंय, त्यावर नोकरीला आहे. वय सत्तावीस, पण हट्ट सत्तरीच्या म्हातारीचा. या कामाची एक रीत आहे. भाषांतर झालं की लगेच छापत नाहीत. गावोगाव जाऊन मोठ्याने वाचतात. ऐकायला असा माणूस बघायचा, ज्याला अक्षरओळख नाही पण बोलणं झकास आहे. वाचून झालं की त्याला म्हणायचं, आता तू सांग. तो आपल्या शब्दांत परत सांगतो, आणि आपली भाषा कुठे लंगडली ते लगेच कळतं. आमच्या भागाचा तपासनीस मी. म्हणजे सोबत बसायचं आणि काही अडलं की सोडवायचं.

त्या दिवशी मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचायचा होता. तोरणमाळच्या घाटाखाली आमचं गाव आहे, तिथे स्वप्नाली स्कूटीवरून आली, हेल्मेट काढलं आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "पाळकसाहेब, आज टीप वाचणार हं मी."

"नाही वाचायची," मी म्हणालो.

"मागच्या दोन गावांतही तुम्ही नाही म्हणालात. नियम आहे तसा. टीप पण ऐकवायची असते. नाहीतर मग कंस कशाला ठेवलाय?"

"नियम मला शिकवू नकोस! तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी शास्त्र वाचतोय!"

तिने बाटली उघडली आणि सावकाश पाणी घेतलं. राग माझा आणि लाज पण माझीच, असं झालं.

आता ही टीप काय ते सांगतो. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत मार्काचं सगळ्यात आखूड, आणि बहुतेकांच्या मते सगळ्यात जुनं. त्याचा शेवट मोठा अवघड आहे. तीन बायका सकाळी कबरीवर जातात. धोंडा सरकलेला असतो. आत एक तरुण बसलेला असतो, तो सांगतो की येशू इथे नाही, तो उठलाय. बायका थरथर कापत पळतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. बस. हाताने लिहिलेल्या ज्या सगळ्यात जुन्या प्रती सापडल्यात, त्यांतल्या दोन मोठ्या प्रतींत हे शुभवर्तमान इथंच थांबतं. पुढची बारा वचनं नंतर कुणीतरी जोडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि नेमक्या त्या बारा वचनांतच आहे की विश्वास ठेवणारे साप हातात धरतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, आणि आजाऱ्यांवर हात ठेवले की आजारी बरे होतील. म्हणून भिली पुस्तकात त्यांना कंस घातलाय आणि खाली टीप दिलीय, की सर्वांत जुन्या प्रतींत हा भाग नाही.

दोन ओळींची टीप. पण आमच्या गावात ती मला वाचू द्यायची नव्हती, कारण ऐकायला बसणार होती तापीकाकी.

तापीबाई आमची शेजारीण. सत्तरी उलटली, पण अजून पाठ ताठ. तिच्यासारखी भिली आता कुणी बोलत नाही. तिला एकच मुलगी होती, सीमा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. अडतीस वर्षांपूर्वी, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, ती आईबरोबर सकाळी फुलं वेचत होती. त्या वर्षी झाडाखालचा पाला जाळायचा राहून गेला होता. वाळल्या पाल्यात घोणस होती. ती सीमाच्या घोट्याला डसली.

तेव्हा पाळक होते माझे वडील, पितांबर पाडवी. मी शहाद्याला वसतिगृहात होतो, मला हे नंतर कळलं. वडील धावत गेले. पोरीवर हात ठेवले आणि तेच वचन म्हणाले, सापाचं आणि हात ठेवायचं. त्याच वेळी गावात शहाद्याचे सलीमशेठ मोहाची फुलं घ्यायला जीप घेऊन आले होते. ते ओरडले, "पोरीले गाडीम्हा टाका, मी लई जास!" तापीकाकीने माझ्या वडिलांकडे बघितलं आणि विचारलं, "पाळकबाबा, गाडीत घालू का?" वडील म्हणाले, "आधी प्रार्थना. वचन खोटं पडत नाही." सलीमशेठने तासभर इंजिन बंद केलं नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत सीमा गेली.

गाडी मिळाली असती तर ती वाचली असती का? कोण सांगणार! रस्ता तेव्हा नुसता दगडांचा होता. पण प्रश्न तो नव्हताच. तापीकाकीने आपलं उत्तर तेव्हाच काढलं होतं. वचन तर खोटं पडत नाही, मग सीमा का गेली? तर आईने गाडी विचारली म्हणून. देवाच्या हातात पोर असताना तिचं मन गाडीकडे गेलं, तिथंच विश्वास कमी पडला.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, एक रीत आहे. दुपारी उपासना संपत आली की ज्याला आपलं पाप कबूल करायचंय तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर बोलतो. पाळक म्हणतो, तुझी क्षमा झाली आहे, शांतीने बस. मंडळी आमेन म्हणते. एकदा क्षमा झाली की तेच पाप कुणी परत काढत नाही. फक्त तापीकाकी. ती दर वर्षी उभी राहते आणि दर वर्षी तेच म्हणते, "प्रभू, माझी सीमा तुझ्या हातात होती आणि मी गाडी विचारली. माझा विश्वास कमी पडला. मला क्षमा कर." गावाला याची इतकी सवय झालीय की काकी उभी राहिली की पोरं चपला शोधायला लागतात. काकीचं झालं म्हणजे उपासना संपली.

वडील थकल्यावर मी पाळक झालो. सव्वीस उत्तम शुक्रवारी मी तिला म्हणालो, तापीबाई, तुझी क्षमा झाली आहे. आणि त्या सव्वीसही वेळा मला माहीत होतं.

सेमिनरीच्या, म्हणजे पाळक व्हायच्या शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षी सरांनी फळ्यावर दोन रकाने आखून आम्हाला मार्काचा हा शेवट समजावून सांगितला होता. वर्गातली पोरं वाद घालत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र फक्त तापीकाकी उभी होती. सुट्टीत घरी आलो आणि वडिलांना सांगितलं. वाटलं, मारतील. ते अंगणातल्या खाटेवर दुपारभर बसून राहिले. मग म्हणाले, "मी तिला सांगतो. माझं काम आहे ते." त्या दिवसापासून कुणी आजारी माणूस आणला की ते आधी म्हणायचे, शहाद्याला ने, मी प्रार्थना करत येतो मागून. पण काकीला त्यांनी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत सहा वर्षं गेली आणि ते वारले. चर्चच्या दारात त्यांच्या नावाची फरशी आहे. ती मी रोज ओलांडतो.

मग मी का नाही सांगितलं? कारणं काय, हवी तेवढी आहेत. लोकांचा विश्वास डळमळेल. पंच नाराज होतील. एवढ्या वर्षांनी जखम कशाला उघडायची. ही सगळी कारणं मी अठ्ठावीस वर्षं घासूनपुसून ठेवली होती. खरं कारण एकच. काकीचं पाप खाली उतरलं की ते कुठेतरी ठेवावं लागणार, आणि ते माझ्या बापाच्या अंगणात येऊन पडणार. मला ते नको होतं. झालं, सांगून टाकलं एकदाचं.

तर त्या सकाळी काकीच्या पडवीत बसलो. अंगणात फुलं वाळत घातली होती, तिचा हात सारखा काड्या निवडत होता. स्वप्नालीने वाचलं, सरळ, न थांबता, टीप न वाचता. मग म्हणाली, "आजी, आता तुम्ही सांगा."

काकीने जे भिलीत सांगितलं ते मी इथे मराठीत सांगतोय, त्यामुळे त्यातला अर्धा जीव गेलाच म्हणून समजा. तिने त्या बायका आमच्याच गावातल्या करून टाकल्या. धोंडा कोण सरकवणार म्हणून वाटभर कुजबुजणाऱ्या, तेलाची बाटली पदराखाली धरलेल्या. त्या पळाल्या तेव्हा तिचा स्वतःचा श्वास चढला. "आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. भ्यायल्या होत्या ना." असं म्हणून ती थांबली आणि परत काड्या निवडायला लागली.

"आजी, पुढे पण आहे," स्वप्नाली म्हणाली.

"आहे ना. ऐकलं मी. पण ते ह्याचं नाही."

मी स्वप्नालीकडे बघितलं.

"कसं काय, आजी?" स्वप्नालीने विचारलं. ही पोरगी माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

"अगं, पहिला जो सांगत होता तो धापा टाकत सांगत होता. लगेच हे झालं, लगेच ते झालं. पहिल्या दिवसापासून तू त्याचं वाचतेस, मला त्याचा आवाज कळतो. हा दुसरा बसून बोलतोय. जेवणं झाल्यावर पंच बोलतात तसा. आणि त्या मरियाची ओळख परत करून देतोय, की हिच्यातून सात भुतं काढली होती म्हणून! आताच तर ती कबरीवर होती. घरात बसलेल्या बाईची परत ओळख कोण करून देतं? बाहेरून आलेला माणूस."

सरांना फळा, खडू आणि तीन दिवस लागले होते. हिने मोहाची फुलं निवडता निवडता ते काढून दाखवलं.

मग ती माझ्याकडे वळली. "जालम, तू शिकलेला आहेस. हे आधीपासून होतं का ह्यात?"

ही वेळ होती. माझ्यासाठी कुणीतरी ताटात वाढून ठेवली होती. वडिलांना मिळाली नाही अशी वेळ. आणि मी म्हणालो, "होतं, काकी. आधीपासूनच होतं."

"बरं," काकी म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर स्वप्नालीने स्कूटी चालू केली नाही. "पाळकसाहेब, अहवालात काय लिहू? ऐकणारीला काय समजलं, तो रकाना आहे."

"लिही, सगळं समजलं म्हणून!"

"ते खरंच आहे," ती म्हणाली, "तिला सगळं समजलं. म्हणूनच विचारतेय." आणि गेली. मला इतका संताप आला की मी रस्त्यातल्या दगडाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं, अजून आहे.

संध्याकाळी जेवताना मंगलाने अंगठा बघितला. "कुणावर रागावलात?"

"कुणावर नाही."

"म्हणजे स्वतःवर," ती म्हणाली आणि भाकरी वाढली. मी तिला सगळं सांगितलं. सीमाचं तिला माहीत होतंच, टिपेचं माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी हे तिलाही सांगितलं नव्हतं. तिने तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "अहो, दर वर्षी ती बाई उभी राहते तेव्हा मी तिच्या मागच्या बाकावर असते. तिचे पाय थरथरतात. तुम्हाला पुलपिटावरून दिसत नसेल, मला दिसतं." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

उत्तम शुक्रवार आठ दिवसांवर होता. सात दिवस मी धीर गोळा करत राहिलो. गुरुवारी सकाळी उठून काकीच्या मोहाच्या झाडाकडे गेलो. ती वाकून फुलं वेचत होती. झाडाखालची जमीन लख्ख झाडलेली. बाकीचे लोक पाला जाळतात, काकी मात्र अडतीस वर्षं रोज हाताने झाडते, पान न् पान.

"काकी, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ती न बघताच म्हणाली. "तू लहानपणी पेरू चोरायचास तेव्हाही असाच पायांकडे बघायचास. बोल."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जुन्या प्रती, आठव्या वचनावर थांबलेलं शुभवर्तमान, नंतर जोडलेली बारा वचनं, त्यांतलंच ते सापाचं आणि हात ठेवायचं वचन. मधे मधे अडखळलो. काकीने टोपली खाली ठेवली आणि मुळावर टेकून बसली.

"म्हणजे हात ठेवला की माणूस बरा होईल, असं त्या पहिल्याने लिहिलंच नव्हतं?"

"नाही. त्या पुस्तकात नव्हतं."

"मग येशू उठला ते?"

"ते आहे, काकी. पहिल्या आठांतच आहे. तो उठला यावर माझा विश्वास आहे, देवाशपथ आहे. पण इतिहासात दाखव म्हणालीस तर नाही दाखवता येणार मला. प्रत जुनी की नवी ते दाखवता येतं. कबर रिकामी होती हे नाही दाखवता येत."

"ते तू दाखवूही नकोस," ती म्हणाली. "ते माझं मी बघून घेईन. मला दुसरंच विचारायचंय. मी गाडी विचारली, ते पाप होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो. "काकी, ते पाप नव्हतं. पोरीला साप डसल्यावर आईने गाडी विचारायची नाही तर कुणी विचारायची?"

तिने मान हलवली. हलवतच राहिली. झाडावरून एक फूल तिच्या डोक्यावर पडलं, तिने काढलं नाही. मला वाटलं, रडेल. रडली असती तर मी पण रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण ती विचार करत होती.

"तुझ्या बापाला माहीत होतं?"

नाही म्हणायला जीभ उचललीच होती मी. मेलेल्या माणसासाठी एक शब्द. कुणाचं काय जाणार होतं? पण काकी माझ्या पायांकडे बघत होती, मी कुठे बघतो ते बघायला.

"तेव्हा नव्हतं," मी म्हणालो. "मी शिकून आल्यावर सांगितलं. शेवटची सहा वर्षं माहीत होतं."

"म्हणून," ती हळूच म्हणाली. "म्हणून तो माझ्या डोळ्यांत बघत नसे. मला वाटायचं, माझ्या पापाची त्याला किळस येते."

माझ्या बापाबद्दल इतकं वाईट कुणी कधी बोललं नव्हतं, आणि तिने तर ते रागानेही म्हटलं नव्हतं. मी खाली बसलो.

"आणि तुला कधीपासून माहीत आहे, जालम?"

"अठ्ठावीस वर्षं."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. सावकाश मोजलं. मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि मी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर राग बघितला.

"मग दर वर्षी तू मला क्षमा कशाची करत होतास?"

मी मेल्यावर मला देवाने हाच प्रश्न विचारला तरी मी असाच मूग गिळून बसणार आहे.

"जा आता," ती म्हणाली. "ऊन चढलं की फुलं मऊ पडतात." मी टोपली उचलायला हात पुढे केला, तर तिने ती ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. स्वप्नालीही आली होती, मागच्या बाकावर. येशूच्या दुःखसहनाचं वाचन झालं, गाणी झाली. मग मी म्हणालो, ज्याला काही कबूल करायचंय त्याने उभं राहावं. दोघं उभे राहिले. एकाने दारू काढली होती, एकाने भावाशी बोलणं टाकलं होतं. त्यांना मी क्षमेचं वाक्य म्हणालो, आणि म्हणताना ते वाक्य माझ्याच दाताखाली खड्यासारखं आलं. मग सगळ्यांच्या माना तापीकाकीच्या बाकाकडे वळल्या. पोरांनी चपला चाचपल्या.

काकी उठली नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मिनिट गेलं. पंचांतले एक जण मागे वळून हळूच म्हणाले, "तापीबाई, तुमचं राहिलं." तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिच्या मागे बसलेल्या मंगलाने माझ्याकडे बघितलं.

मी पुलपिटावरून खाली उतरलो. त्या पायऱ्या तीनच आहेत. जिथे उभं राहून लोक बोलतात तिथे, मधल्या वाटेत, उभा राहिलो.

"प्रभू," मी म्हणालो, "तापीबाईने गाडी विचारली ते पाप नव्हतं. ज्या वचनावरून आम्ही तिला पापी ठरवलं, ते वचन सर्वांत जुन्या प्रतींत नाही. मला हे अठ्ठावीस वर्षं माहीत होतं. माझ्या बापाचं नाव जाईल म्हणून मी गप्प बसलो, आणि तिने जे केलंच नव्हतं त्याची तिला सव्वीस वेळा क्षमा केली. मला क्षमा कर."

पत्र्यावरची माकडंसुद्धा गप्प होती. आता कुणीतरी म्हणायला हवं होतं, तुझी क्षमा झाली आहे, शांतीने बस. पण ते म्हणतो पाळक, आणि पाळक तर मधल्या वाटेत उभा. पंच एकमेकांकडे बघत होते. ते मला नंतर काय ते बोललेच, फरशी काढा इथपर्यंत गोष्ट गेली, पण ते सगळं पुढे. त्या क्षणी सगळे तापीकाकीकडे बघायला लागले. मीही बघितलं. खोटं कशाला बोलू, मला आशा होती. सत्तरीची बाई, देवभोळी, लहानपणापासून मला ओळखणारी. म्हणेल, झालं गेलं, बस शांतीने.

काकी बाकाला धरून उठली. तिचे पाय थरथरत नव्हते.

"पुढच्या वर्षी परत उभा राह, जालम," ती म्हणाली.

आणि ती बसली. आमेन कुणीच म्हणालं नाही. मीही बसलो, तिथेच, खाली जमिनीवर.